मुरलेला घास : फळबागांचा चोथा आणि दुष्काळी पट्ट्यातली शेरडे

मी सातवीत होतो तेव्हा आमची एक शेळी द्राक्षे खाऊन मेली. शेजारच्या बागेची काढणी उरकली होती. तडकलेले, पाखरांनी टोचलेले, व्यापाऱ्याने नाकारलेले घड बांधाकडेला ढिगाने पडले होते. बागवाले अण्णा मोठ्या मनाचे. आईला म्हणाले, "न्या की वैनी, शेरडास्नी घाला. कुजून तरी काय हुणार?" आईने दोन पाट्या भरून आणल्या. शेळीने मान वर न करता खाल्ले. दिवेलागणीला तिचा रवंथ थांबला. डावी कूस टम्म झाली. ती दात खात, भिंतीला डोके लावून उभी राहिली आणि तांबडे फुटायच्या आत गेली. मागे तीन आठवड्यांची दोन करडे राहिली. गल्लीतली एक म्हातारी आईला एवढेच म्हणाली, "गोड लागलं म्हून का जीव जाईस्तवर घालायचं?"

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, कवठेमहांकाळहून जतकडे जाताना एका वस्तीवर, एक बाई निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून काळपट, आंबूस वासाचे काहीतरी उपसताना दिसल्या. बेदाण्याच्या शेडवर गाळलेली द्राक्षे, देठ आणि कडब्याची कुट्टी असा तो ऐवज होता. सात शेरडे दावणीला ओढ घेत होती. मी आमच्या शेळीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "ताज्या द्राक्षानं मरत्यात की. ह्यानं न्हाई." का, असे विचारल्यावर क्षणभर थांबून म्हणाल्या, "आता ते मला काय म्हाईत? मुरलंय न्हवं."

त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात माझी पुढची काही वर्षे गेली. मी पशुवैद्य नाही. तालुक्याच्या गावी छपाईचे दुकान चालवतो आणि सवड मिळेल तेव्हा वाचतो. त्यामुळे पुढे जे मांडतो आहे ते एका जिज्ञासू माणसाने पुस्तकांतून, पशुवैद्यांना प्रश्न विचारून आणि गोठ्यांच्या दारात उभे राहून गोळा केलेले आहे.

आधी प्रदेश डोळ्यांसमोर आणू. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातात, आणि पाऊसही तसाच उतरत जातो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आत-बाहेर राहतो. व्यंकटेश माडगूळकरांनी मराठी वाचकाला दाखवलेला माणदेश तो हाच. त्यांचे माडगुळे आटपाडी तालुक्यातच आहे. 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा या भागात माळ मोकळा होता, मेंढरे आणि शेरडे त्या माळावर जगत होती, आणि पाऊस हुकला की माणसांसकट गाव सोडत होती. आज त्याच आटपाडीच्या शिवारात डाळिंबाच्या रांगा आहेत. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून वर आणले, म्हैसाळ योजनेने कवठेमहांकाळ-जतकडे नेले. तासगावात तर द्राक्ष त्याआधीच रुजले होते; 'तास-ए-गणेश' या वाणाच्या नावातला 'तास' तासगावचाच.

पाणी आले याचे कोणाला दुःख असणार? पण माळाला तारेचे कुंपण पडले, हेही तितकेच खरे. ज्याची बाग झाली त्याचे भले झाले. ज्याच्याकडे चार शेरडांपलीकडे काही नव्हते, त्याची चराई गेली. बांधावरची बाभळ, बोर, हिवर तुटले. शेळी दावणीला आली आणि तिच्यापुढे काय टाकायचे हा रोजचा प्रश्न झाला. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. यांतल्या बहुसंख्य दोन-चार-सहाच्या घोळक्यांत राहतात आणि त्यांची देखभाल घरातल्या बाया करतात. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशात चारा छावण्या उघडल्या त्याही मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी. शेळीला गरिबाची गाय म्हणायचे, पण वैरणीचा हिशेब मांडताना ती गाय नसते.

मग ज्या बागांनी माळ घेतला त्या बागांचा टाकाऊ माल शेळीला का देऊ नये? विचार सरळ आहे. अडचण अशी की 'फळांचा चोथा' नावाची एकच वस्तू अस्तित्वात नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

या विषयावरचे परदेशी लेखन वाचायला घेतले की इटली, स्पेन, दक्षिण आफ्रिका इथले प्रयोग समोर येतात. ते बहुतेक वाइनच्या चोथ्यावरचे. वाइनची द्राक्षे बियांची असतात. रस काढल्यावर राहतात त्या साली, बिया आणि देठ. त्या चोथ्याच्या सुक्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा बियांचा असू शकतो. साखर बरीचशी रसाबरोबर किंवा आंबवणीत गेलेली. म्हणजे तो चोथा गोडीला कमी, लाकडासारखा कठीण आणि टॅनिनने तुरट. तिकडचा संशोधक म्हणतो, हा पचायला जड आहे, बेताने घाला.

आपल्याकडेही वाइनचा प्रयत्न झाला. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व आपल्याकडे पलूसला वाइन पार्क उभे राहिले. पलूसचा उत्साह पुढे ओसरला. (द्राक्षे, मद्य आणि बोकड यांचे नाते मात्र जुने. ग्रीकांमध्ये वेली खातो म्हणून बोकड मद्याच्या देवाला बळी देत, आणि 'ट्रॅजेडी' या शब्दाचे मूळ 'बोकडाचे गाणे' असे सांगितले जाते. आमच्या शेळीच्या बाबतीत ते शब्दशः खरे झाले.) तासगाव-कवठेमहांकाळ-जत पट्ट्यात खरा पसारा आहे तो बेदाण्याचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवरच्या जाळ्यांवर द्राक्षे पसरलेली असतात. गाळले जाते ते काय? फुटलेले मणी, कुजके घड, देठ-काड्या, काळा पडलेला किंवा चिकट बेदाणा. ही द्राक्षे बिनबियांची. म्हणजे इथला टाकाऊ माल तिकडच्या नेमका उलट : कठीण भाग थोडा, टॅनिन थोडे, साखर भरमसाट. परदेशी तक्त्यातले प्रमाण जसेच्या तसे उचलून तासगावात वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे.

पक्व द्राक्षात साखर शेकडा १८ ते २२ असते. शेळीने चार किलो द्राक्षे खाल्ली तर पाऊण किलोच्या आसपास साखर पोटात गेली. तेवढीच साखर एक किलोभर बेदाण्यात मावते, म्हणून बेदाण्याचा कचरा द्राक्षांपेक्षा अधिक फसवा. मूठभर दिसतो.

आता ती साखर शेळीच्या पोटात काय करते ते पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराचे कोठीपोट म्हणजे एक उबदार पिंपच आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा फोडतात, त्यातून सौम्य आम्ले बनतात आणि शेळी मुख्यतः त्या आम्लांवर जगते. या पिंपाचा सामू साधारण सहा ते सातच्या दरम्यान राहतो, कारण रवंथ करताना क्षारयुक्त लाळ सतत आत जात असते. काडी चघळली की लाळ सुटते. द्राक्षाला चघळावे लागत नाही. एकदम साखर ओतली गेली की त्या साखरेवर झपाट्याने वाढणारे जंतू बाकीच्यांना मागे टाकतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे आम्ल कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांच्या मानाने बरेच तीव्र. सामू साडेपाचच्या खाली घसरतो, चारा पचवणारे जंतू मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते, शरीरातले पाणी आत ओढले जाते, आम्ल रक्तात उतरते. दात खाणे, भिंतीला डोके लावणे, पातळ संडास हे सगळे त्याचेच. वाचलेल्या जनावराचे खूर पुढे कित्येक आठवडे दुखतात. याच गडबडीत आतड्यातले आंत्रविषाराचे जंतूही उसळू शकतात. ज्या शेरडांना ती लस टोचलेली नसते त्यांना हा दुसरा फटका. सुरुवातीलाच खाण्याचा सोडा पाजून काही जनावरे वाचतात, पण तो निर्णय पशुवैद्याचा. आमच्या गावात तेव्हा पशुवैद्य आठवड्यातून एकदा यायचा.

मग पिंपात मुरवल्याने काय झाले? जे शेळीच्या पोटात झाले असते तेच बाहेर, पिंपात, सावकाश झाले. साखरेचे आम्ल शेळीच्या आत बनायच्याऐवजी आधीच बनून गेले, आणि ते आम्ल कुट्टीच्या काडीकाडीत विखुरले. शेळी ते थोडे थोडे, चघळत, लाळेसकट गिळते. त्या बाईंच्या "मुरलंय न्हवं"चा अर्धा अर्थ इथे लागतो.

उरलेला अर्धा अर्थ काळाचा आहे. द्राक्षांचा टाकाऊ माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. त्या वेळी ज्वारीची काढणी झालेली असते, कडबा ताजा असतो, उसाचे वाढे मिळत असतात. वैरणीची ओढ लागते मे-जूनमध्ये. फळाचा ओला माल उन्हाळ्यात दोन दिवस टिकत नाही. आधी चिलटे, मग बुरशी. तो तीन महिने राखायचा तर वाळवायचा किंवा मुरवायचा. वाळवला तर साखर तशीच राहते. म्हणून मुरवणे.

मराठीत आपण यासाठी 'मुरघास' हा सुरेख शब्द घडवला आहे. तो सरकारी पत्रकांतून आला, पण खेड्यात असा रुजला की जणू नेहमीचाच होता, कारण मुरणे म्हणजे काय हे लोणच्याच्या बरणीने घरोघर शिकवलेले. कल्पना तीच : हवा बाहेर, आम्ल आत. युरोपात हिरवा मका खड्ड्यात दाबून टिकवण्याची पद्धत फ्रान्सच्या ऑग्युस्त गोफार यांनी रूढ केली. त्यांचे पुस्तक १८७७ चे. पुढे फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी असे दाखवले की चाऱ्याचा सामू झटकन चारच्या खाली आणला तर कुजवणारे जंतू काम करू शकत नाहीत. त्यासाठी ते चाऱ्यात सौम्य केलेले खनिज आम्ल घालत. वैरण टिकवण्याच्या या पद्धतीसाठी त्यांचा खास उल्लेख करून १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. वैरणीला नोबेल! ही गोष्ट मी आमच्या भागात सांगतो तेव्हा लोकांना थट्टा वाटते.

द्राक्षाला आम्ल बाहेरून घालावे लागत नाही, साखर मुबलक असल्याने ते आपोआप बनते. पण इथे एक स्पर्धा लागते. फळाच्या सालीवर यीस्ट असतात. पिंपात हवा राहिली, रस फार असला, तर लॅक्टिक आम्लाच्या जंतूंऐवजी यीस्ट पुढे जातात आणि मद्यार्क बनतो. १०० ग्रॅम साखरेचे लॅक्टिक आम्ल झाले तर वजन जवळजवळ तेवढेच, १०० ग्रॅम राहते. तिचा मद्यार्क झाला तर सुमारे ५१ ग्रॅम मद्यार्क आणि ४९ ग्रॅम वायू. म्हणजे निम्मा चारा हवेत गेला. शेळीला त्याची झिंग चढेल का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. थोडा मद्यार्क कोठीपोटातले जंतू पचवून टाकतात. खरी हानी चाऱ्याच्या तोट्याची, आणि वायूला वाट न ठेवता पिंप घट्ट बंद केले तर झाकण उडण्याची. खड्ड्यातला मुरघास असेल तर तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यात वाकून उतरू नये.

म्हणून कुट्टी लागते. ज्वारीचा कडबा, तुरीचा भुसा, गव्हाचा कोंडा, हाताशी असेल ते कोरडे रस शोषून घेते. किती घालायचे याची परीक्षा हाताची : मिश्रण मुठीत आवळले तर पाणी टपकू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटू नये, हळूहळू सुटावा. तेव्हा ओल शेकडा साठ-सत्तरच्या दरम्यान असते. मग थराथराने पायाने तुडवून भरायचे. दोनशे लिटरच्या पिंपात सव्वाशे-दीडशे किलो माल बसतो. तीन आठवड्यांच्या आत उघडायचे नाही. चांगला मुरघास उघडला की दह्याच्या निवळीसारखा, आंबटगोड वास येतो. दारूचा भपका आला तर यीस्टने खाल्ले. लोण्याच्या खवट वासाने नाक फिरवले किंवा पांढरी-निळी बुरशी दिसली तर ते शेळीला देण्यापेक्षा उकिरड्यात बरे. पिंप एकदा उघडले की हवा लागते आणि यीस्ट पुन्हा जागे होतात. म्हणून तीन-चार शेरडांच्या घराला एका मोठ्या खड्ड्यापेक्षा तीन छोटी पिंपे परवडतात. पत्रकांमध्ये मात्र अजूनही खड्ड्याची लांबी-रुंदीच छापलेली असते.

डाळिंबाकडे वळलो की चित्र उलटते. दाणे काढल्यावर फळाच्या वजनाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग साल आणि आतली पिवळी पडदी यांचा. तेल्या रोगाने डागाळलेली फळेही आटपाडी-जतकडे ढिगांनी टाकली जातात. सालीत साखर थोडी, टॅनिन अफाट. आपल्या आज्या डाळिंबाची साल पोटातल्या जंतांवर आणि हगवणीवर देत, ती याच तुरटपणाच्या भरवशावर. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरून ठेवते. कातडी कमावताना ते हेच करते आणि पोटात चाऱ्याच्या प्रथिनाशीही हेच करते. जास्त झाले तर जनावर खातेही आणि वाळतेही.

शेळीचे वेगळेपण इथे कामी येते. गाय आणि मेंढी मुळात गवत चरणाऱ्या. शेळी पाला ओरबाडणारी, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा शेंडा तोडणारी. पाल्यात टॅनिन असतेच. त्यामुळे टॅनिन सोसण्याची तिची ताकद गाई-मेंढीपेक्षा बरीच अधिक आहे. लाळेतली प्रथिने, यकृत आणि कोठीपोटातले जंतू या सर्वांचा त्यात हात असल्याचे मानले जाते. या जंतूंचे सामर्थ्य दाखवणारी एक हकीकत मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीच्या पाल्यातल्या मिमोसिनमुळे गुरांना बाधा होई, हवाईतल्या शेळ्यांना होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ताडले की फरक कोठीपोटातल्या जंतूंचा असावा. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन जनावरांना पाजले, आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात आज जोन्स यांचे नाव आहे. पोटाला नवी वैरण शिकवावी लागते आणि शिकायला वेळ लागतो, हे त्यातून कळते. मुरघास पहिल्या दिवशी मूठभर आणि पुढे दोन आठवड्यांत वाढवत न्यायचा, त्याचे कारण हेच.

बेताच्या प्रमाणातले टॅनिन उपकारकही ठरते. पावसाळ्यात शेरडांचे रक्त शोषणाऱ्या जंतांना ते काही अंशी आवर घालते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. द्राक्षाचा चोथा खाल्लेल्या कोकरांचे मांस कापल्यानंतर अधिक काळ लाल राहते, असेही दिसले आहे. खाटकाच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण डाळिंबाची साल मुरवली म्हणून तिचे टॅनिन जात नाही. थोडे फुटते, बरेचसे राहते. साखर संपवण्याचे काम मुरवणे चोख करते, तुरटपणा संपवण्याचे काम अर्धेमुर्धे. म्हणून मला वाटते, आटपाडीची साल आणि तासगावचा गाळ एकाच पिंपात यायला हवेत. एकाची गोडी दुसऱ्यातल्या आंबवणीला खाद्य पुरवते, आणि साल पातळ रसाला आधार देते. प्रथिनांची उणीव दोन्हींत आहे. ती शेवरी, हादगा, दशरथ घास किंवा मूठभर शेंगपेंडेने भरावी लागते.

प्रमाण किती? तीस किलोची उस्मानाबादी शेळी दिवसाला साधारण एक किलो सुका चारा खाते. त्यातला चौथा हिस्सा मुरघासाचा धरला, तर ओल्या वजनात तो पाऊण ते एक किलो होतो. मी भेटलेल्या अनुभवी लोकांपैकी कोणीही याच्या पुढे जात नाही. मांसासाठी वाढवायच्या बोकडाला खाऊ घालून लवकर वजन आणावे असा मोह होतो, विशेषतः बकरी ईद जवळ आली की. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बोअर जातीच्या शेळ्या गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपाने आणल्या, तेव्हापासून आपल्या भागात संकरित, अंगाने भरणाऱ्या बोकडांचे आकर्षण वाढले. (१९६८ साली ही संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे इरावती कर्वे यांचे जावई. त्यांच्या पत्नी जाई निंबकर इंग्रजीतल्या कादंबरीकार. फलटणच्या माळावर साहित्य आणि शेरडे असे एका घरात नांदले.) पण अंगाने भरणाऱ्या जातीला प्रथिनांचा खुराक लागतो. चोथ्याने ती जागा भरत नाही. तो कडब्याला हातभार लावतो, पेंडीला नाही.

आता जे बोलायला कोणी फारसे उत्सुक नसते ते. द्राक्षाची बाग म्हणजे फवारणीची बाग. केवडा आणि भुरी यांच्यासाठी छाटणीपासून औषधे सुरू होतात. त्यातले सर्वांत जुने बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना यांचे. त्याचा शोधही गमतीचा. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून, हे निळे मिश्रण मारत. मियार्दे यांच्या लक्षात आले की त्या वेलींना रोग नाही, आणि १८८० च्या दशकात ते जगभर गेले. वाटसरूंना भिववण्यासाठी मारलेले तांबे आज शेरडा-मेंढरांच्या पोटात जाऊ शकते. मुरवल्याने तांबे नाहीसे होत नाही. उलट साखर जळून सुका भाग घटला की उरलेल्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. शेळी तांबे बऱ्यापैकी सोसते, मेंढी मुळीच नाही. मेंढीच्या यकृतात ते महिनोन्महिने साठते आणि एक दिवस एकदम रक्तात सुटते. लघवी लाल होते, डोळे पिवळे पडतात आणि जनावर दोन-चार दिवसांत जाते. जतच्या माडग्याळी मेंढ्या पाळणाऱ्या वस्तीवर शेळ्यांचे पिंप मेंढ्यांना मोकळे राहता कामा नये, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात; धुरी दिलेला चिकट बेदाणा रोज घातला तर गंधकाचा भार वाढतो आणि त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आणि बाकीच्या औषधांचे काय? २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यावरून मोठी अडचण केली, कंटेनर अडकले, बागायतदार हवालदिल झाले. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षाचा एकेक नमुना प्रयोगशाळेत जातो. ती काळजी योग्यच आहे. परंतु निर्यातीत जे नाकारले जाते ते शेडवर, शेडवर जे नाकारले जाते ते बांधावर आणि बांधावरचे शेळीपुढे येते. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर तपासणी कमी होत जाते आणि शेवटच्या पायरीवर ती शून्य असते. त्या शेळीचे दूध घरातली लहान मुले पितात. बागवाल्याला एवढे विचारणे शक्य असते : शेवटची फवारणी कधी, कशाची? मी विचारायला लागल्यावर काहींनी वही काढून दाखवली, काहींनी मला बाहेरचा रस्ता दाखवला. आपल्याकडे म्हण आहे, शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे खाणाऱ्यालाही निर्धास्त राहता येत नाही.

महाबळेश्वर-वाईकडच्या स्ट्रॉबेरीबद्दल फार लिहीत नाही. मालात पाणी इतके की वाहतुकीचे पैसे पाण्याला जातात, आणि त्या बाजूला शेरडांना पाला मिळतो. किंबहुना हा पाण्याचा हिशेब सगळीकडेच लागू आहे. ओल्या चोथ्यात पाचातले तीन-चार भाग पाणी. टेंपोने तीस किलोमीटर नेला की स्वस्त वैरण स्वस्त राहत नाही. हा उद्योग जिल्ह्याचा होऊ शकत नाही, तो शिवारापुरताच आहे. शेड आणि वस्ती हाकेच्या अंतरावर असतील तिथेच.

तिथेही एक गोष्ट मला खटकत राहते. उसाचे वाढे माझ्या लहानपणी तोडीच्या फडातून कोणीही उचलून आणी. आज ते पेंढीच्या भावाने विकले जातात. टाकाऊ वस्तू कामाची आहे हे कळले की तिला मालक मिळतो. द्राक्षाच्या गाळाचे तसे होईल का, ही शंका मी हा लेख लिहितानाही बाजूला ठेवू शकलेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. पिंपे तीनच होती, पण गाळाची दोन. शेडवाल्याने यंदा पोत्यामागे पैसे मागितले होते. तिसऱ्यात बाईंनी डाळिंबाच्या साली, शेवरीचा पाला आणि थोडा गाळ असे भरून पाहिले होते. ते आठ दिवसांपूर्वी उघडले होते. वास चांगला होता, बुरशी नव्हती. त्यांनी पाटीभर काढून दावणीत टाकले. थोराड शेळीने नाक लावले, शेवरीच्या काड्या शोधून खाल्ल्या आणि सालीचे तुकडे ओठांनी बाजूला सारले. धाकटी दोन मात्र सालीसकट खात होती.

"थोरलीला कडू लागतंय," बाई म्हणाल्या. "पैल्या दिशी वास बी घेत नव्हती. आता काड्या तरी येचतिया."